सतरा सेकंद आणि बारा मिनिटं

२४ नोव्हेंबर २०१५ रोजी रशियाचं सुखोई-२४ हे बॉम्बफेकी विमान सीरियाच्या सीमेलगत तुर्कस्तानच्या हद्दीत शिरलं. तुर्कस्तानच्याच म्हणण्यानुसार ते हद्दीत होतं अवघे १७ सेकंद. तुर्की एफ-१६ विमानाने ते पाडलं. १९ सप्टेंबर २०२५ रोजी रशियाची तीन मिग-३१ विमानं फिनलंडच्या आखातातल्या वाइंडलू बेटाजवळ एस्टोनियाच्या हद्दीत आली आणि १२ मिनिटं राहिली, असं एस्टोनियाने जाहीर केलं. इटलीची एफ-३५ विमानं त्यांच्यामागे धावली, रशियन विमानं बाहेर गेली, गोळी एकही सुटली नाही. तुर्कस्तान आणि एस्टोनिया दोघेही नाटोचे सदस्य. रशियाने दोन्ही वेळा घुसखोरी झालीच नाही असं सांगितलं.

शहाणपण कोणी दाखवलं, तुर्कस्तानने की एस्टोनियाने? या प्रश्नावर एका मामा-भाचीचा वाद झाला, तो पुढे दिला आहे. मामांची नोकरी हवाई दलात, रडारच्या पडद्यासमोर गेली. निवृत्तीनंतर ते पुण्यात असतात. भाची महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. फौजी माणूस कडक आणि प्राध्यापक मवाळ असेल, असं वाचकाला वाटेल. इथे नेमकं उलट आहे.

भाची : मामा, आधी मला हे सांग, आकाशात बारा मिनिटं म्हणजे किती?

मामा : लढाऊ विमान निवांत चाललं तरी मिनिटाला पंधरा किलोमीटर कापतं. मुंबईहून उठलेलं विमान बारा मिनिटांत पुणं मागे टाकून बरंच पुढे गेलेलं असतं. किनाऱ्यापासून देशाची हद्द असते बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. ती ओलांडायला दीड मिनिट पुरे.

भाची : म्हणजे बारा मिनिटं हे चुकून झालेलं नाही. रडारला ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर बंद, उड्डाणाचा आराखडा कळवलेला नाही, एस्टोनियाच्या हवाई नियंत्रण कक्षाशी बोलणं नाही. एवढं सगळं असून त्यांना नुसतं बाहेर पोचवून आले. मी याला उत्तर मानत नाही. उत्तर तुर्कस्तानने दिलं.

मामा : एस्टोनियाच्या लष्कराने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती बातम्यांच्या गदारोळात हरवली. विमानं आखाताला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. राजधानी टालिनच्या रोखाने वळली नाहीत. रडारवरचा माणूस पहिल्यांदा हेच बघतो. उंची किती, वेग किती, नाक कुठे. हद्द ओलांडली का, हे नकाशा सांगतो. मारायला आलंय का, हे कुठलंही यंत्र छातीठोकपणे सांगत नाही. ते माणसाला ठरवावं लागतं, आणि वेळ सेकंदांत मोजायची असते.

भाची : मारायला आलं नव्हतं, मग आलं कशाला?

मामा : मोजायला. आपल्याला किती लांबून पाहतात, कोणती रडार कधी सुरू होतात, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, कोणत्या तळावरून विमानं उठतात, भोंगा वाजल्यापासून चाकं धावपट्टी सोडेपर्यंत किती मिनिटं लागतात. आमच्याकडे त्याला स्क्रॅम्बल म्हणतात. धावपट्टीच्या टोकाशी विमानं इंधन-शस्त्रांनिशी तयार, वैमानिक जी-सूट चढवून बाजूच्या खोलीत बसलेले. समोरच्याला हे सगळं घड्याळ लावून नोंदवायचं असतं. चार-सहा वेळा आला की रडारच्या जाळ्यात भोक कुठे आहे तेही त्याला कळतं.

भाची : आणि हे काही रशियाने शोधून काढलेलं नाही.

मामा : छे! शीतयुद्धात अमेरिकेने हा धंदा पद्धतशीर केला. ८ एप्रिल १९५० रोजी याच बाल्टिक समुद्रावर सोव्हिएत विमानांनी अमेरिकी नौदलाचं प्रायव्हेटीअर हे विमान पाडलं, दहाजण गेले. जून १९५२ मध्ये स्वीडनचं डीसी-३ पाडलं, त्यात आठ माणसं होती. तीन दिवसांनी त्यांना शोधायला गेलेलं कॅटालिना विमानही पाडलं. ते डीसी-३ रेडिओ संदेश टिपत होतं, हे स्वीडनने कित्येक वर्षं कबूल केलं नाही. त्याचे अवशेष सापडले २००३ साली. समुद्र तोच आहे, खेळाडू तेवढे अदलून-बदलून येतात.

भाची : तू माझीच बाजू मांडतोयस. १ मे १९६० आठव. अमेरिकेचं यू-२ पेशावरहून उठलं, सत्तर हजार फुटांच्या आसपास उडत सोव्हिएत रशियात खोलवर गेलं. त्याआधी चार वर्षं ही उड्डाणं चालू होती. मॉस्को चरफडत होता, निषेधाचे खलिते पाठवत होता, काही उपयोग नव्हता. स्वेर्दलोव्स्कजवळ क्षेपणास्त्राने ते पाडलं, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला आणि रशियावरची यू-२ उड्डाणं कायमची बंद झाली. खलित्यांनी जे चार वर्षांत झालं नाही, ते एका क्षेपणास्त्राने केलं.

मामा : त्याच धुमश्चक्रीत सोव्हिएत क्षेपणास्त्राने त्यांचंच एक मिग-१९ पाडलं आणि त्याचा वैमानिक मेला, हेही वर्गात सांग. पॅरिसला होणारी शिखर परिषद उधळली, तेही सांग. आणि अमेरिकेने टेहळणी थांबवली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेरउपग्रहाने काढलेली छायाचित्रं तिच्या हातात आली. पण एक मान्य करतो. यू-२ देशाच्या पोटात हजारो किलोमीटर शिरलं होतं. ते पाडण्याबद्दल माझी तक्रार नाही.

भाची : मग तक्रार कुठे सुरू होते? शंभर किलोमीटर आत? दहा? दोन? हाच प्रश्न आहे मामा. गावाकडे शेजारी दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरतो. एका वर्षी कोणी भांडत नाही, वीतभर जमिनीसाठी कोर्टात कोण जाणार? दहा वर्षांनी बघावं तर बांध आपल्या ज्वारीत आलेला असतो. तैवानचं हेच झालं. सामुद्रधुनीतली मध्यरेषा शीतयुद्धाच्या काळापासून दोन्ही बाजूंनी बहुतांशी पाळली. सप्टेंबर २०२० मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याने सांगून टाकलं की अशी काही रेषाच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईला गेल्या, त्यानंतर चिनी विमानांचं रेषा ओलांडणं रोजचं झालं. आज तिथे रेषा उरली आहे का?

मामा : नाही उरली. पण तैवानने पाडलं असतं तर उरली असती का?

भाची : निदान चीनला किंमत कळली असती. आज किंमत फक्त तैवान मोजतोय. २०२० मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की चिनी विमानांमागे आपली विमानं पाठवण्यात त्या वर्षी सुमारे पंचवीस अब्ज तैवानी डॉलर गेले. विमानं झिजतात, वैमानिक थकतात. चीनकडे विमानं आणि वैमानिक दोन्ही भरपूर. गोळी न झाडता तो तैवानचं हवाई दल झिजवतोय.

मामा : आता तू मुद्द्यावर आलीस. म्हणूनच मार्च २०२१ मध्ये तैवानने पद्धत बदलली. प्रत्येक विमानामागे आपलं विमान पाठवणं थांबवलं, जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांच्या रडारने त्यांचा माग ठेवायला लागले. हे शरण जाणं झालं नाही. समोरचा आपल्याला दमवायला बघतोय, तर आपण दमायला नकार दिला. जपानची तीच गत. २०१६-१७ या आर्थिक वर्षात त्यांनी १,१६८ वेळा स्क्रॅम्बल केलं, त्यातलं ८५१ वेळा चिनी विमानांमागे. एवढ्या वेळा विमानं उठली. गोळी झाडायची वेळ आली नाही.

भाची : कारण ती बहुतेक विमानं जपानच्या हद्दीत आलीच नव्हती. हा घोळ आपल्या वृत्तवाहिन्या रोज घालतात. तैवान ज्यांच्यामागे विमानं पाठवत होता, तीही बहुतेक ओळख क्षेत्रात आलेली असतात, देशाच्या आकाशात नाही.

मामा : तो फरक तूच नीट सांग, तुझा विषय आहे.

भाची : तीन वर्तुळं आहेत. आतलं वर्तुळ म्हणजे देशाची जमीन आणि किनाऱ्यालगतचे बारा सागरी मैल. १९४४ च्या शिकागो करारानुसार त्यावरचं आकाश पूर्णपणे त्या देशाचं, आणि परक्या लष्करी विमानाला परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. त्याबाहेर काही देशांनी ओळख क्षेत्र आखलंय, ज्याला एडीआयझेड म्हणतात. अमेरिकेने १९५० मध्ये सुरुवात केली. इथे येणाऱ्याने आपली ओळख सांगावी अशी अपेक्षा असते, पण त्याला कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराचा आधार नाही. चीनने २३ नोव्हेंबर २०१३ ला पूर्व चीन समुद्रावर असं क्षेत्र आखलं, त्यात जपानच्या ताब्यातली सेनकाकू बेटं धरली, आणि अमेरिकेने दोन-तीन दिवसांत न कळवता बी-५२ विमानं त्यातून नेली. तिसरं वर्तुळ नागरी वाहतुकीच्या सोयीचं. मुंबईचं उड्डाण माहिती क्षेत्र अरबी समुद्रावर पार ओमानच्या क्षेत्राला भिडतं. म्हणून काही तेवढा समुद्र आपला होत नाही.

मामा : म्हणजे दुसऱ्या वर्तुळात विमान पाडलं तर गुन्हेगार पाडणारा.

भाची : बरोबर. दुसऱ्या वर्तुळात पाडा असं मी कधीच म्हणणार नाही. मी बोलतेय आतल्या वर्तुळाबद्दल, आणि तिथे तुर्कस्तानची बाजू भक्कम होती. जून २०१२ मध्ये सीरियाने तुर्कस्तानचं टेहळणी विमान पाडलं, तेव्हापासून त्यांनी नियम कडक केला आणि जगजाहीर केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये रशियन विमानं शिरली तेव्हा तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, पाच मिनिटांत दहा इशारे दिले. मग पाडलं. तिसरं महायुद्ध झालं नाही.

मामा : महायुद्ध झालं नाही, हा तुझा हिशेब. आता माझा हिशेब ऐक. तुर्कस्तानच्या हाताय प्रांताचं एक टोक सीरियात घुसलंय, ते ओलांडायला विमानाला १७ सेकंद लागले. इशारे दिले तेव्हा विमान अजून सीरियात होतं. क्षेपणास्त्र लागेपर्यंत ते परत सीरियाकडे निघालेलं होतं. वैमानिक ओलेग पेश्कोव्ह हवाई छत्रीने उतरताना खालच्या बंडखोरांच्या गोळीबारात मेला. विमानातल्यांना सोडवायला गेलेला एक रशियन नौसैनिकही मेला. रशियाने सीरियात एस-४०० क्षेपणास्त्रं आणून ठेवली, पर्यटकांची विमानं बंद केली, तुर्की टोमॅटो बंद केले. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानने पुन्हा तक्रार केली की रशियन विमान हद्दीत आलं. म्हणजे पाडून वचक बसला असंही नाही. आणि जून २०१६ मध्ये एर्दोगान यांनी पुतिनना खेदाचं पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याच रशियाकडून एस-४०० विकत घ्यायचा करार केला. सतरा सेकंदांचा हिशेब सात महिने पुरला.

भाची : जानेवारीत पुन्हा आलं तेव्हा तुर्कस्तानने पाडलं नाही, म्हणून वचक गेला असंही म्हणता येईल.

मामा : येईल. पण पाडणाऱ्यालाच दुसऱ्यांदा पाडावंसं वाटलं नाही, यावरून काय ते समज. आणि तुला अजून मोठी भीती सांगायची आहे. वरचेवर डिवचलं की समोरचा चवताळतो, आणि बिल भलत्याच्याच नावावर फाटतं.

भाची : कोरियन विमान?

मामा : हो. पण गोष्ट तिथून सुरू करायची नाही. एप्रिल १९८३ पासून सुरू करायची. अमेरिकेचा उत्तर प्रशांतात मोठा नौदल सराव चालू होता. विमानवाहू जहाजांवरची विमानं कुरिल बेटांमधल्या झेलेनी या सोव्हिएतांच्या ताब्यातल्या बेटावरून उडून गेली. सोव्हिएत हवाई संरक्षणाला काही करता आलं नाही, अधिकाऱ्यांची खरडपट्टी निघाली. आता हे मनात ठेवून १ सप्टेंबरच्या रात्रीकडे ये. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७, बोइंग ७४७. ऑटोपायलट दिशादर्शक यंत्रणेशी जोडला गेला नाही, ठरावीक दिशेलाच राहिला, आणि विमान हळूहळू शेकडो किलोमीटर भरकटत गेलं. त्याच रात्री कामचाटकाजवळ अमेरिकेचं आरसी-१३५ हे टेहळणी विमान येऊन गेलं होतं. सोव्हिएत पडद्यावर एक ठिपका गेला आणि दुसरा आला. कामचाटकावर त्यांची विमानं वेळेत पोचली नाहीत. आता सखालिन. पुन्हा निसटलं तर नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत.

भाची : आणि ओसिपोविच.

मामा : सुखोई-१५ चा वैमानिक. त्याने तोफेच्या दोनशेहून जास्त गोळ्या इशारा म्हणून झाडल्या. पण त्या प्रकाशरेषा सोडणाऱ्या नव्हत्या, चिलखत भेदणाऱ्या होत्या. अंधारात दिसणार काय? आणीबाणीच्या १२१.५ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर हाक मारली नाही. तेवढ्यात कोरियन वैमानिकाने टोकियोची परवानगी घेऊन पस्तीस हजार फुटांवर चढायला सुरुवात केली, विमानाचा वेग कमी झाला. मागच्याला वाटलं, हा चकवा देतोय. दोन क्षेपणास्त्रं सुटली. २६९ माणसं गेली. पुढे ओसिपोविचने मुलाखतीत सांगितलं की खिडक्यांच्या दोन रांगा त्याला दिसल्या होत्या. पण नागरी विमानाला हेरगिरीसाठी वापरणं कठीण नाही, असं त्याचं म्हणणं. झेलेनीवरून उडालेले वैमानिक घरी जाऊन जेवले. किंमत मोजली सोलला निघालेल्या प्रवाशांनी.

भाची : त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात कलम ३ (बिस) घातलं. उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये, अडवायचं तर आतल्या लोकांचा जीव धोक्यात येऊ नये. ते लागू झालं १९९८ मध्ये. पण मामा, या कथेचा उत्तरार्धही आहे. २८ मे १९८७. माथियास रुस्ट नावाचा जर्मनीतला एकोणीस वर्षांच्या आसपासचा पोरगा हेलसिंकीहून छोटं सेस्ना विमान घेऊन निघाला, थेट मॉस्कोत लाल चौकाजवळ उतरला. वाटेत सोव्हिएत लढाऊ विमानाने त्याला पाहिलं होतं. पाडायचा हुकूम आला नाही. चार वर्षांपूर्वी पाडलं म्हणून जगाने शिव्या घातल्या, आता सोडलं म्हणून गोर्बाचेव्ह यांनी संरक्षणमंत्री सोकोलोव्ह आणि हवाई संरक्षणप्रमुख कोल्दुनोव्ह यांना घरी पाठवलं. पाडलं तर पाप, सोडलं तर नोकरी. तू संयमाचं गुणगान करतोस, पण संयमाचीही शिक्षा होते.

मामा : होते. आणि हुकूम न देणाऱ्यांपैकी कोणी संयम पाळला होता असं मी म्हणणार नाही. त्यांना निर्णय घ्यायचाच नव्हता. संयम म्हणजे काहीच न करणं असा तुझा समज आहे. अगं, पाडण्याच्या अलीकडे दहा पायऱ्या असतात. अडवायला गेलेलं विमान समोरच्याच्या डाव्या अंगाला, थोडं वर, थोडं पुढे येऊन उभं राहतं, म्हणजे त्या विमानाच्या कॅप्टनला खिडकीतून दिसेल. पंख हलवतं. रात्री दिवे लुकलुकवतं. समोरच्यानेही पंख हलवले की कळलं समजायचं. मग सावकाश डावीकडे वळायचं, ‘माझ्या मागे ये’. उतरवायचं असेल तर धावपट्टीवर घिरटी घालून चाकं खाली सोडून दाखवायची. हे सगळं जगभर एकच ठरलेलं आहे. ऐकलं नाही तर फ्लेअर, म्हणजे जळते गोळे, मग इशाऱ्याच्या गोळ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये रेबुन बेटाजवळ रशियन टेहळणी विमान तीनदा जपानच्या हद्दीत शिरलं, तेव्हा जपानने पहिल्यांदाच फ्लेअर वापरले. जुलै २०१९ मध्ये दक्षिण कोरियाने दोक्दो बेटांजवळ रशियाच्या ए-५० विमानासमोर साडेतीनशेच्या वर गोळ्या झाडल्या. विमान निघून गेलं. सगळं रेकॉर्डवर राहिलं.

भाची : आपल्याकडेही हे झालंय. मुंबईतच.

मामा : डिसेंबर १९९५. पुरुलियावर शस्त्रांच्या पेट्या टाकणारं अँतोनोव्ह-२६. ज्या रात्री शस्त्रं टाकली त्या रात्री कोणी अडवलं नाही, ही नामुष्कीच. पण चार दिवसांनी तेच विमान परत भारतावरून कराचीकडे निघालं, तेव्हा मिग-२१ ने त्याला मुंबईत उतरायला लावलं. गोळी न झाडता विमान, पाच लॅटव्हियन आणि ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच हाती लागले. मुख्य सूत्रधार किम डेव्ही विमानतळावरून निसटला, पण तो दोष आकाशातल्यांचा नव्हता. पाडलं असतं तर समुद्रात पडलेल्या पत्र्याने काय साक्ष दिली असती?

भाची : मग अटलांटिकबद्दल बोल. १० ऑगस्ट १९९९. कारगिल संपून जेमतेम पंधरवडा झालेला. पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान कच्छच्या रणात, कोरी खाडीच्या बाजूला आलं. आपल्या मिग-२१ ने पाडलं, सोळाजण मेले. तिथे पायऱ्या कुठे होत्या? आणि आज भारतात कोणी म्हणतं का की ते चुकलं?

मामा : विमानाने इशारा मानला नाही, उलट आपल्या मिगच्या दिशेने वळलं, असं भारताचं म्हणणं. ते नि:शस्त्र होतं आणि पाकिस्तानच्याच हद्दीत होतं, हे पाकिस्तानचं. अवशेषांचे तुकडे दोघांनी दाखवले. पाकिस्तान हेगच्या न्यायालयात गेला. २१ जून २००० रोजी न्यायालयाने सांगितलं, हा खटला चालवायचा आम्हाला अधिकार नाही. कोण बरोबर, यावर निकाल लागलाच नाही. पण त्या वादात एक कागद कामाला आला. एप्रिल १९९१ मध्ये दोन्ही देशांनी करार केला होता : लढाऊ आणि टेहळणी विमानांनी एकमेकांच्या हद्दीच्या दहा किलोमीटरच्या आत यायचं नाही. नि:शस्त्र वाहतूक विमानांना हजार मीटरपर्यंत मुभा. चुकून उल्लंघन झालं तर चौकशी करून समोरच्या हवाई दलाला लगेच कळवायचं. अटलांटिक सीमेच्या कोणत्या बाजूला होतं यावर भांडण होऊ शकतं. दहा किलोमीटरच्या आत होतं, यावर फारसं भांडण नाही.

भाची : म्हणजे रेषा आधी आखलेली होती आणि तिच्यामागे गोळी होती. मी दुसरं काय सांगतेय?

मामा : तू गोळीवर भर देतेस, मी रेषा आधी आखण्यावर देतो. आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. १० एप्रिल १९५९, ईदचा दिवस. आपलं कॅनबेरा टेहळणी विमान पाकिस्तानने रावळपिंडीजवळ पाडलं. दोघेही वैमानिक वाचले आणि परत आले. डिवचणं हा कोणा एका देशाचा अवगुण नाही, म्हणून त्याचे नियम दोघांनी मिळूनच करावे लागतात. नियम माहीत असूनही घाईत काय होतं, त्याचं उदाहरण घरचंच आहे. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटवरच्या आपल्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. पाकिस्तानी विमानं आलेली, आकाशात धावपळ, आणि बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच मि-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहाजण आणि खाली एक नागरिक. पुढे हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. रडारसमोर बसलेल्याला ही तारीख विसरता येत नाही.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पुढचा काळ तुझ्या संयमाला जास्त अवघड जाणार आहे. एस्टोनियाच्या आठ-दहा दिवस आधी, ९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, वीसएक रशियन ड्रोन पोलंडमध्ये घुसले. त्यांच्यात पंख हलवून दाखवायला कोणी बसलेलं नसतं. १२१.५ वर कोण उत्तर देणार?

मामा : तिथे मी तुझ्या बाजूला येतो. ज्यात माणूस नाही ते पाडावं, एवढंच बघावं की खाली कोणाच्या डोक्यावर पडणार नाही. पोलंडमध्ये डच एफ-३५ विमानांनी काही पाडलेही. अमेरिकेने २०२३ मध्ये चिनी फुगा आठवडाभर आपल्या डोक्यावरून जाऊ दिला, लोकांनी बायडेनना नावं ठेवली. ४ फेब्रुवारीला तो साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे गेल्यावर एफ-२२ ने पाडला, उथळ पाण्यातून अवशेष काढले. पण खर्चाचा हिशेब तुझ्या तैवानसारखाच. पोलंडमधल्या त्या रात्रीच्या ड्रोनमधले बरेचसे स्वस्तातले, फोम आणि प्लायवुडचे. त्यांच्यावर लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र वापरलं तर पाडणाराच खंक होईल.

भाची : आपल्यालाही तो धडा मिळाला. ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि हेतू काय असावा तर आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी. जे काम पूर्वी एक आरसी-१३५ करायचं, ते आता खेळण्यासारखे ड्रोन करतात.

मामा : आणि त्यांना आपण कशाने उत्तर दिलं? बऱ्याच ठिकाणी जुन्या एल-७० तोफांनी. मूळच्या स्वीडिश बोफोर्सच्या, नव्या रडार-दुर्बिणी बसवलेल्या. चाचपणी करणाऱ्याला आपलं सगळ्यात महागडं हत्यार दाखवायचं नाही, हे त्यात आपोआप साधतं.

भाची : मग आपलं एकमत कशावर झालं?

मामा : बऱ्याच गोष्टींवर. बिनमाणसाचं यान आत आलं तर पाडा, आणि स्वस्तात पाडा. माणूस असलेल्या विमानाला गाठा, ओळखा, चित्रण करा, बाहेर काढा आणि पुरावा जगासमोर ठेवा. शहरावर किंवा तळावर रोख धरला, तर मग वाट बघू नका.

भाची : आणि एकमत झालं नाही ते यावर : तोच देश, तीच विमानं पुन:पुन्हा आतल्या वर्तुळात आली, तर कधीतरी सांगून-सवरून एक पाडावंच लागेल, असं मी मानते. कितव्या वेळी, हे आधी जाहीर केलेलं असावं. तू म्हणशील, ती पायरी येऊच नये.

मामा : मी म्हणेन, ती पायरी ठेव, लिहून ठेव, शेजाऱ्याला कळव; आणि ती चढायचा निर्णय चोवीस-पंचवीस वर्षांच्या वैमानिकावर किंवा नोकरीच्या धास्तीने बसलेल्या रडारवाल्यावर सोडू नकोस.

भाची : तेवढं मला मान्य आहे. तरी वाहिन्यांवर ‘घुसखोरी’ची लाल पट्टी दिसली की माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन प्रश्न विचारायला सांगणार. विमान देशाच्या हद्दीत होतं की नुसत्या ओळख क्षेत्रात? त्यात माणूस होता का? आणि त्या देशाने आपला नियम आधी जाहीर केला होता का? या तिन्हींची उत्तरं हातात येईपर्यंत ‘पाडा’ म्हणून ओरडू नये आणि ‘घाबरले’ म्हणून हिणवूही नये.